रंग दिसतो, जात ऐकू येते

(ओवे, ता. पनवेल इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आज आपल्याला शाळेत जाणाऱ्या मुलांवर केलेल्या माहितीपटांबद्दल बोलायचं आहे. हा विषय ठरला तो इथल्याच चार तरुणांमुळे. त्यांच्याकडे एक बऱ्यापैकी कॅमेरा आहे, दोन माईक आहेत आणि एक कल्पना आहे. आर.टी.ई.तून खारघरच्या एखाद्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळालेलं गावातलं एक मूल घ्यायचं, त्याच्याबरोबर पहिलीपासून दहावीपर्यंत राहायचं आणि त्याची फिल्म करायची. ते मला विचारायला आले, की असं आधी कुणी केलंय का. मी म्हटलं, केलंय, आणि ते बघितल्याशिवाय तुम्ही कॅमेरा बाहेर काढू नका. ते चौघे आज पहिल्या रांगेत बसलेत. त्यामुळे आजचं बोलणं हे थोडंसं त्यांच्याशी भांडण आहे असं समजा. बाकीच्यांनी ते ऐकायचंय आणि शेवटी कुणाची बाजू घ्यायची ते ठरवायचंय.

तर ती फिल्म म्हणजे 'अमेरिकन प्रॉमिस'. २०१३ साली ती आली. जो ब्रूस्टर आणि मिशेल स्टीफन्सन हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणारं काळं जोडपं. तो मनोविकारतज्ज्ञ, ती वकिलीचं शिक्षण घेतलेली. १९९९ साली त्यांचा मुलगा इद्रिस पाच वर्षांचा होता. त्याला मॅनहॅटनमधल्या डाल्टन नावाच्या शाळेत प्रवेश मिळाला. इथं बी.एड. केलेले कुणी असतील तर त्यांनी 'डाल्टन योजना' परीक्षेत लिहिली असेल. हेलन पार्कहर्स्टबाईंची, मुलाला आपल्या गतीनं शिकू देणारी. तीच ही शाळा. तेव्हा ती श्रीमंतांची, अतिशय नावाजलेली आणि बहुतांश गोऱ्या मुलांची शाळा होती. इद्रिसबरोबर त्याचा मित्र शेउनही तिथं गेला. आईबापांनी ठरवलं, की ही दोन मुलं मोठी होताना आपण चित्रित करायची. तेरा वर्षं त्यांनी ते केलं. सुमारे आठशे तासांचं चित्रण झालं आणि त्यातून सव्वादोन तासांची फिल्म निघाली. सनडान्स महोत्सवात तिला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

आता ही फिल्म चांगली का आहे ते आधी सांगतो, कारण मला तिच्यावर टीकाही करायची आहे.

तिचं पहिलं बळ म्हणजे वेळ. मुलाचा आवाज फुटतो, उंची वाढते, डोळ्यांतला विश्वास कमी होतो, पुन्हा येतो. हे मुलाखत घेऊन मिळत नाही. एक जागा बघा. इद्रिस बास्केटबॉल खेळायला आपल्या वस्तीतल्या काळ्या मुलांत जातो, तेव्हा ती मुलं त्याला म्हणतात, तू गोऱ्यांसारखा बोलतोस. मग तो तिथं वेगळं बोलायला लागतो आणि शाळेत वेगळं. म्हणजे पोराला दोन जिभा लागतात, एक फाटकाच्या आत आणि एक फाटकाच्या बाहेर. आणि दुसऱ्या एका जागी तो आईबापांना सरळ विचारतो, की मी गोरा असतो तर बरं झालं असतं ना? समोर आईबाप आहेत आणि कॅमेरा त्यांचाच आहे. त्यांना उत्तर देता येत नाही. पाहुणा म्हणून आलेल्या दिग्दर्शकासमोर ते पोर असं बोललं नसतं.

दुसरं बळ म्हणजे शेउन. त्याला वाचनात अडचण आहे, डिस्लेक्सिया आहे. आठवीनंतर तो डाल्टन सोडतो आणि ब्रुकलिनमधल्या बेंजामिन बॅनेकर या सरकारी शाळेत जातो. तिथं बहुतेक मुलं काळी आहेत. आणि आपण बघतो, की तोच मुलगा तिथं सैल होतो, मोकळा बसतो. फिल्म यावर भाषण करत नाही. दोन वर्गखोल्या एकापुढे एक ठेवते आणि गप्प राहते. हा 'आठवीनंतर' शब्द लक्षात ठेवा, मला त्याच्याकडे परत यायचंय.

आता टीका. ही फिल्म मी तीन-चार वेळा लोकांना दाखवली आहे. दर वेळी दिवे लागल्यावर पहिली चर्चा कशावर होते? बापावर. बाप फार कडक आहे, सारखा अभ्यासावरून बोलतो, पोराला श्वास घेऊ देत नाही. मग आई. मग मुलगा पुरेसा कष्ट करतो का. शाळेवर बोलायला अर्धा तास जावा लागतो. असं का होतं? कारण कॅमेरा घरात मोकळा फिरतो, तर शाळेत परवानगीनं जातो. घरातलं भांडण आपल्याला दिसतं. शाळेतला मात्र बसून, ठरवून, सभ्य भाषेत झालेला संवाद दिसतो. इथं काळ्या मुलग्यांना अडचण येते हे शाळेतली माणसंसुद्धा कबूल करतात, पण ती अडचण कशी तयार होते, रोज कोणत्या तासाला, कोणत्या वाक्यानं, ते आपल्याला कळत नाही. त्यामुळे नकळत फिल्म शाळेचाच प्रश्न विचारायला लागते. मूल पास झालं का? आईबापांनी पुरेसं केलं का? शाळा पास झाली का, हा प्रश्न राहून जातो.

मंडळी, हा प्रश्न उलटा कसा करायचा हे आपल्याकडे फार आधी एका माणसानं दाखवलंय. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. शेतकऱ्यांची मुलं का शिकत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. रयतेच्या कष्टातून सरकारात जो पैसा जमा होतो तो कुणाच्या शिक्षणावर खर्च होतोय, असं त्यांनी सरकारलाच विचारलं. परीक्षा घेणाऱ्याचीच परीक्षा घेतली. आणि याच फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती कुणाला? गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीसुद्धा ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. म्हणजे ब्रुकलिन आणि आपलं नातं जुनं आहे. मी ते आज ओढूनताणून आणलेलं नाही.

पण नातं आहे म्हणून दोन्ही गोष्टी एकच होत नाहीत. इथं फिल्म करणाऱ्यांसाठी फार मोठी अडचण आहे आणि आज मला मुख्यतः तेच सांगायचंय.

'अमेरिकन प्रॉमिस'मध्ये वर्गाचा एकच लांबून घेतलेला शॉट पुरतो. वीस गोरी मुलं, त्यात दोन काळी. प्रेक्षकाला काही सांगावं लागत नाही. आता तुम्ही खारघरच्या वर्गात जा. चाळीस मुलं, एकच गणवेश, एकच टाय, एकच बूट. लांबून शॉट घ्या. काय दिसतं? काही नाही. यातलं आर.टी.ई.चं मूल कोणतं, सांगा. कुणाच्या घरी संध्याकाळी पुस्तक उघडायला जागा आहे, कुणाचे आईबाप भट्टीवर आहेत, कोण कुठल्या जातीचं, कॅमेऱ्याला काही कळत नाही. अमेरिकेत रंग दिसतो. आपल्याकडे जात ऐकू येते.

हजेरी घेताना आडनाव ऐकू येतं. 'कुठं राहतोस?' या प्रश्नाला सेक्टरचा नंबर येतो की वाडीचं नाव येतं, ते ऐकू येतं. 'डब्यात काय आणलंस?' ऐकू येतं. आणि सगळ्यात जास्त ऐकू येते ती जीभ.

मी आगरी घरातला. आमच्या घरात पाण्याला 'पानी', गाडीला 'गारी' आणि शाळेला 'शाला'. पहिल्या दिवशी मी वर्गात उभा राहून 'शाला' म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला प्रेमानं पाच वेळा 'शाळा' म्हणायला लावलं. पाचही वेळा वर्ग हसला. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात तो शब्द टाळला. 'शाळेत येताना' म्हणायचं असेल तर 'इकडे येताना' म्हणायचो. आता मला सांगा, ती दोन वर्षं तुम्ही कॅमेऱ्यानं कशी टिपणार? एक मुलगा एक शब्द बोलत नाही, याचा शॉट कसा घेणार?

आणि ही गोष्ट इथंच थांबवली तर मी खोटा ठरेन. आमच्याच वर्गात डोंगराकडच्या वाडीवरचा एक कातकरी मुलगा होता. दिवाळी झाली की त्याचे आईबाप वीटभट्टीवर जायचे आणि तोही जायचा. बाई हजेरी घ्यायच्या, त्याचं नाव यायचं आणि कुणीतरी मागून काहीतरी बोलायचं. वर्ग हसायचा. त्यात मी होतो. 'शाला'वरून ज्याला हसले होते तोच मी. आगरी पोराला हसतात आणि कातकरी पोराला हसतात, पण दोघांचं सारखं नाही. माझ्या मागे गाव होतं, भावकी होती, सिडकोनं घेतल्यावर का होईना पण एकेकाळी शेत होतं. त्याच्या मागे पावसाळ्यापर्यंत कुणी नव्हतं. म्हणून तुम्ही चौघे जेव्हा म्हणता की 'आपल्या गावातल्या मुलावर खारघरच्या शाळेत काय गुजरतं ते आम्ही दाखवणार', तेव्हा मला विचारावंसं वाटतं की आपल्या गावाच्या शाळेत वाडीवरच्या मुलावर काय गुजरतं ते कोण दाखवणार? कॅमेरा फक्त टेकडीच्या पलीकडेच का बघतोय?

(टाळ्या) नाही, टाळ्या नकोत. हे मलाही लागू आहे.

आता मराठी सिनेमानं ही ऐकू येणारी जात पकडली आहे का? पकडली आहे, पण कथापटात. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट २००९ चा, शाळेत जायची ओढ असलेल्या भटक्या जमातीतल्या मुलाचा. आणि २०१३ चा 'फँड्री'. योगायोग बघा, 'अमेरिकन प्रॉमिस' आणि 'फँड्री' एकाच वर्षीचे. 'फँड्री' तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. डुक्कर उचलून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रं आहेत, या दृश्यावर खूप लिहून आलंय. ते दृश्य मोठंच आहे. पण मला आज त्याच्या आवाजाबद्दल बोलायचंय. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्याच्या घरातला तो शब्द. घरात तो नुसता शब्द आहे. तोच शब्द गावातल्या पोरांच्या तोंडी आला की शिवी होते. अक्षर तेच, जीभ बदलली. आणि डुक्कर पकडत असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. शाळा तिथं दिसत नाही, ऐकू येते. तिचा आवाज जब्याला थांबवतो आणि डुक्कर निसटतं. शाळेनं काय दिलं आणि काय घेतलं, हे त्या अर्ध्या मिनिटात आहे.

पण मंजुळ्यांना एक सोय होती. त्यांना ती शिवी लिहिता आली, नटाकडून म्हणवून घेता आली. माहितीपटवाल्याला ती सोय नाही. कॅमेरा वर्गात आला की कुणी शिवी देत नाही. बाई गोड बोलतात, मुलं हात वर करतात, मुख्याध्यापक सर्वधर्मसमभावावर बोलतात. स्टॅलिन के. यांचा 'इंडिया अनटच्ड' २००७ चा. त्यात देशभर फिरून अस्पृश्यता दाखवली आहे, शाळेतलीसुद्धा. तिथं लोक कॅमेऱ्यासमोर बिनधास्त बोलतात, कारण त्यांना त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. पण जिथं लोकांना लाज कळते, म्हणजे शहरात, काचेच्या इमारतीतल्या शाळेत, तिथं ती पद्धत चालत नाही. तिथं जात तोंडावर येत नाही. ती 'याचं जरा भाषेचं वातावरण घरी नाही' अशा वाक्यातून येते.

मग माहितीपटवाल्याकडे काय आहे? त्याच्याकडे वेळ आहे. गोड बोलणं एक दिवस टिकतं, आठवडा टिकतं. आठ वर्षं टिकत नाही.

पण वेळ ही दुधारी गोष्ट आहे. १९६४ साली इंग्लंडमध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजननं 'सेव्हन अप' केला. सात वर्षांची चौदा मुलं, काही श्रीमंत घरची, काही गरीब, काही अनाथाश्रमातली. मग मायकेल ॲप्टेड दर सात वर्षांनी त्यांच्याकडे जात राहिले. २०१९ साली ती माणसं त्रेसष्ट वर्षांची झाली तेव्हाही गेले. जगातला हा मोठा प्रयोग. पण बघा, चौदांत मुली फक्त चार, आणि ॲप्टेडनाच पुढे याची खंत वाटली. त्यातला पीटर हा अठ्ठावीस वर्षांचा असताना शिक्षक होता. तो सरकारविरुद्ध चार शब्द बोलला, वर्तमानपत्रांनी त्याला धारेवर धरलं आणि त्यानं फिल्ममध्ये येणं सोडलं. परत आला तो छप्पन्नाव्या वर्षी, आणि आपल्या बँडची ओळख व्हावी म्हणून आलो असं सांगून. सातव्या वर्षी त्याला कुणी विचारलं नव्हतं, की तू आयुष्यभर लोकांसमोर राहशील का. सात वर्षांच्या मुलाला ते विचारताही येत नाही.

फ्रान्समध्ये निकोला फिलिबेर यांनी २००२ साली एका खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेवर फार सुंदर फिल्म केली, 'एत्र ए आव्वार', म्हणजे 'असणे आणि जवळ असणे'. ती भरपूर चालली. मग ज्या मास्तरांवर ती होती ते मास्तरच कोर्टात गेले, की कमाईत माझाही वाटा आहे. ते हरले. कायद्यानं हरले असतील. पण त्यांचा प्रश्न शिल्लक राहतो, की ही गोष्ट कुणाची?

आणि आपल्या देशातलं उदाहरण घ्यायचं तर २०१७ ची 'डॉटर्स ऑफ डेस्टिनी' ही नेटफ्लिक्सवरची मालिका, दिग्दर्शिका व्हनेसा रॉथ. तमिळनाडूतली शांती भवन ही निवासी शाळा, अतिशय गरीब, बऱ्याचशा दलित घरांतल्या मुलांची. एका घरातून एकच मूल घेणारी. सात वर्षं पाच मुलींबरोबर राहून केलेलं काम आहे. त्यातल्या मुली हुशार आहेत, बोलक्या आहेत, आपलं ओझं त्यांना नीट कळतं. घरातल्या बाकीच्यांना वर काढायची जबाबदारी माझ्या एकटीवर, हे त्या स्वतः म्हणतात. पण मालिकेची रचना अशी, की शाळा म्हणजे उजेड आणि गाव म्हणजे अंधार. सुट्टीत मुलगी घरी गेली की संगीत उदास होतं. एका घरातून एकच मूल का, घरी राहिलेल्या भावाला जवळची सरकारी शाळा का पुरत नाही, हे विचारायला ती थांबत नाही. पुन्हा तेच. मूल पास झालं का?

तर आता तुमच्या फिल्मकडे येतो. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या कलम १२(१)(क) नं खासगी विनाअनुदानित शाळांतल्या पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांना दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही. म्हणजे शहरातल्या बहुतेक शाळांची दारं बंद. पालक कोर्टात गेले, मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो बदल रद्दच केला. या मधल्या काळात किती घरांत फोन हातात धरून लोक बसले होते, हे तुमच्यापैकी काहींना माहीत आहे.

पण हा हक्क कुठपर्यंत आहे? आठवीपर्यंत. तुमची फिल्म दहावीपर्यंत आहे. शेउन आठवीनंतर डाल्टनमधून बाहेर पडला. तुमचं मूल आठवीनंतर काय करणार? नववीच्या फीची पावती घरात येईल तेव्हा तुमचा कॅमेरा कुणाकडे वळलेला असेल? बापाच्या कपाळावरच्या आठ्यांकडे? तो शॉट चांगला येईल, बक्षीसही मिळेल. पण ती पावती छापली कुणी, आठ वर्षं शिकवलेल्या मुलाला एका सहीनं परकं कुणी केलं, चौदाव्या वर्षी हक्क संपतो असं कुणी ठरवलं, शाळांना सरकारकडून परतावा वेळेवर का मिळत नाही, आणि आपल्याच गावच्या शाळेत हे मूल का राहिलं नाही, तिकडे कॅमेरा वळला तर तुम्ही 'अमेरिकन प्रॉमिस'च्या एक पाऊल पुढे जाल.

म्हणून तुमच्याकडे तीन मागण्या आहेत. पहिली, पहिलं वर्ष कॅमेरा पिशवीतच राहू दे. माईक काढा. रिक्षातलं बोलणं, फाटकाच्या आतलं बोलणं, फाटकाबाहेरचं बोलणं, घरचं बोलणं ऐका. मुलाची जीभ कुठं बदलते ती जागा सापडली, की तुम्हाला फिल्म सापडली. दुसरी, एक मूल खारघरचं घेणार असाल तर एक मूल वाडीवरचंही घ्या, म्हणजे आपण फक्त दुखावलेले आहोत असं आपल्याला स्वतःलाच सांगता येणार नाही. तिसरी मागणी सगळ्यात अवघड. मूल चौदाचं होईल तेव्हा त्याला सगळं दाखवा आणि अठराचं होईल तेव्हा पुन्हा दाखवा. ते नको म्हणालं तर फिल्म येणार नाही. बारा वर्षांची मेहनत पाण्यात. कबूल असेल तर सुरू करा.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. १८५५ साली पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी होती, चौदा वर्षांची. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. कुणी तिच्यावर फिल्म केली नाही, तिची मुलाखत घेतली नाही. शाळेत तीन वर्षं मिळाली आणि तिनं स्वतःच सांगितलं. मुलांवरच्या सगळ्या माहितीपटांनी गाठायची उंची ती आहे असं मला वाटतं. तुमच्या फिल्मच्या शेवटी ते मूल तुमच्या हातातून माईक काढून घेऊन बोलायला लागलं, तर समजा की जमलं.



प्रश्न (एक महिला श्रोता): माझा मुलगा आर.टी.ई.तून जातो, तिसरीत आहे. ही पोरं आमच्या घरीही आली होती. मला त्यांची कल्पना आवडली. पण फिल्ममुळे शाळेनं त्याच्यावर राग धरला तर? फिल्म संपली की ही जातील, त्याला तर तिथंच बसायचंय.

उत्तर: ताई, राग धरतील ही शक्यता आहे आणि मी ती नाकारणार नाही. म्हणूनच मी दहा वर्षं थांबा म्हणतो. मूल त्या शाळेत असेपर्यंत एकही मिनिट कुठं दाखवायचं नाही, यूट्यूबवर नाही, व्हॉट्सॲपवर तुकडा नाही, महोत्सवात नाही. तेवढ्यानंही तुमची भीती जात नसेल तर तुम्ही नाही म्हणा. तुमच्या नाही म्हणण्यामागे कारण द्यायची गरज नाही. यांना वाईट वाटेल, पण त्यांचं वय लहान आहे, सोसतील.

प्रश्न (पहिल्या रांगेतला तरुण): सर, तुमच्या तिन्ही मागण्या पटल्या, पण एक बोलू का? तुम्ही म्हणता दहा वर्षं काही दाखवू नका. या दहा वर्षांत शंभर पोरं तिथून जातील. कुणी काही दाखवलं नाही तर शाळेचं काम सोपंच होतं की. तुम्ही दोन वर्षं 'शाळा' शब्द टाळलात तेव्हा कुणी ते दाखवलं असतं तर बरं झालं नसतं का?

उत्तर: (थोडं थांबून) झालं असतं. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढं करता येईल, की मुलाचं न दाखवता शाळेचं दाखवा. प्रवेशाच्या याद्या, कुठल्या शाळेत किती जागा रिकाम्या राहिल्या, नववीत किती मुलं उरली. हे सगळं माहितीच्या अधिकारात मागता येतं, त्यात कुठल्याही पोराचा चेहरा नाही. ती फिल्म उद्यापासून करा. पोराची फिल्म मात्र सावकाश. आणि हो, तू बोलताना 'शाळा' म्हणालास. घरी काय म्हणतोस?

तरुण: शाला.

(हशा)

आजचा हा हशा मात्र मला आवडला. यात तोही हसतोय.